पापणीला तीन महिने, काखेला सात

'विसावा'चं शटर सकाळी वर जायचं, आणि तोपर्यंत बाहेरची रांग चपलांच्या दुकानाला वळसा घालून औषधाच्या दुकानाच्या पायरीपर्यंत पोचलेली असायची. औषधवाला रोज त्या रांगेकडे बघून उसासा टाकायचा. एवढी आजारी माणसं त्याच्या पायरीवर उभी, आणि एकजात सगळ्यांची पाठ त्याच्याकडे!

पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं. 'कपाटांवर दोन वर्षांची हमी' ही भिंतीवरची अक्षरं दोनदा रंग देऊनही पुसली गेली नव्हती. आता भक्तांना त्यांतही काही सूचक दिसू लागलं होतं. त्याच भिंतीखाली, पांढऱ्या कापडाने झाकलेल्या उंच आसनावर निर्विकारजी बसायचे.

हे नाव लोकांनी त्यांच्या कपाळामुळे ठेवलं होतं. माणूस म्हटला की कपाळाला आठी आलीच. निर्विकारजींना नव्हती. भाषणाच्या मध्येच माइक बंद पडला तरी नव्हती, एका म्हाताऱ्याने भर गर्दीत शिवी हासडली तेव्हा नव्हती, आणि एकदा जोरात शिंकले तेव्हाही नव्हती. शिंकताना सगळा चेहरा गोळा झाला, पण कपाळ जणू काही दुसऱ्याच कोणाचं असावं तसं शांत राहिलं. ते बघून पुढच्या ओळीतल्या बायकांचे डोळे भरून आले.

आणखी एक चमत्कार म्हणजे त्यांचं आसन. त्यातून सतत एक बारीक नाद यायचा. भक्त आळीपाळीने आसनाला कान लावायचे. कोणाला त्यात समुद्र ऐकू यायचा, कोणाला भुंगा, कोणाला आपल्या गेलेल्या आईची हाक.

"मी काही करत नाही हं," निर्विकारजी सांगायचे. "मी फक्त देहाला विचारतो, 'बाळा, एवढा ताण कशाला?' देह लाजतो. सैल पडतो. एवढंच!"

देहाला विचारायचं साधन म्हणजे 'कंटक'. निर्विकारजींच्या गुरूंनी ज्या झाडाखाली मौन पाळलं, त्या झाडाचा म्हणे तो काटा. आधी सेविका दुखऱ्या जागेवर बर्फगार ओलं फडकं ठेवायची. मग निर्विकारजींचा हात शालीखालून यायचा, पाच-सात वेळा मुंगी चावल्यासारखं व्हायचं, की झालं. "बीज पेरलंय. आठवड्याने उगवेल," असं सांगून ते पुढच्याला बोलवायचे.

आणि उगवायचं, ही खरी पंचाईत होती! आठ्या जायच्या. झोपेत कराकरा दात खाणारी माणसं गप्प झोपायची. ज्यांच्या काखांतून घामाची धार लागायची ते हलक्या रंगाचे सदरे घालून, काखा वर करून गावभर हिंडायचे.

रांगेच्या कडेला हातात छत्री आणि बायकोची पिशवी धरून एक गृहस्थ उभे असायचे. ते एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि गल्लीत सगळे त्यांना 'सर'च म्हणत. सरांचा यावर विश्वास नव्हता. पण सरांचं तोंड बंद होतं, कारण सरांच्या घरातही उगवलं होतं.

*

सरांची बायको रफूचं काम करायची. ड्रायक्लीनिंगच्या एका दुकानात, इस्त्रीच्या टेबलामागे खिडकीजवळ तिची खुर्ची होती. कोटाला सिगारेटने भोक पडलं, शालीला कसर लागली, की ते तिच्यापुढे यायचं. ती कापडाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा धागा ओढून काढायची आणि भोकावर उभा-आडवा असा विणायची की मालकाला स्वतःचं भोक सापडत नसे. गल्ली तिला रफूवाल्या काकू म्हणायची. काकूंचा नियम एकच होता. रफू दिसला तर ते ठिगळ, आणि पुन्हा करावा लागला तर ती फसवणूक.

मग त्यांच्या पापण्या बंड करू लागल्या. आधी नुसती उघडझाप वाढली. नंतर उजेड सोसेना. मग विणता विणताच दोन्ही डोळे घट्ट मिटून जायचे, आणि काकू हातात सुई धरून ते उघडण्याची वाट बघत बसायच्या. एकदा रस्ता ओलांडताना मधोमध मिटले. एका सायकलवाल्याने हाताला धरून त्यांना कडेला आणलं आणि वर सुनावलं, "काय काकू, झोपेत चालता का?"

सरकारी इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं.

"डोळे ठणठणीत आहेत. पापण्या मिटणारा जो स्नायू आहे ना, तो हट्टाला पेटलाय. त्याला थोडं लुळं करायचं. बोट्युलिनम नावाचं इंजेक्शन असतं, पापण्यांभोवती बारीक बारीक टोचायचं."

"कसलं असतं ते?" काकूंनी विचारलं.

"खरं सांगायचं तर विषच आहे. पण मात्रा इतकी किंचित की..."

"विष! आणि मग मी कायमची बरी होणार?"

"कायमची नाही. पापण्यांवर साधारण तीन महिने टिकतं. मग परत घ्यायचं."

काकू उठल्याच. बाहेर पायऱ्या उतरताना सरांचा दंड धरून म्हणाल्या, "तीन महिन्यांनी उसवणारं काम मी गिऱ्हाइकाला दिलं असतं, तर त्याने कोट माझ्या तोंडावर फेकला असता."

"अगं, चष्म्याचा नंबरही बदलावा लागतो की."

"चष्म्यात विष नसतं!"

सरांनी पुढे वाद घातला नाही. काकूंशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या गल्लीत अजून जन्मायचा होता.

शेजारीण काकूंना 'विसाव्या'त घेऊन गेली. कंटक लागला. आठवडा उलटला, आणि एका सकाळी सर चहा गाळत असताना मागून आवाज आला.

"अहो, सदऱ्याची कॉलर केवढी विरलीय! कधीपासून असाच घालताय?"

सर वळले. काकू दारात उभ्या होत्या, दोन्ही डोळे टक्क उघडे. कितीतरी महिन्यांनी त्या सरांकडे बघत होत्या. सरांनी गाळणं ओट्यावर ठेवलं, न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाच्या आडोशाला रडून घेतलं.

आयुष्यभर ते मुलांना सांगत आले होते की पुरावा दाखवा. आता पुरावा समोर बसून सुईत दोरा ओवत होता. पुराव्याशी हुज्जत कोण घालणार?

*

तीन महिने त्या घराने सणासारखे काढले. नंतर पापण्या पुन्हा फडफडू लागल्या. काकू घाबऱ्याघुबऱ्या 'विसाव्या'त गेल्या, सोबत सर.

निर्विकारजींनी डोळे मिटले. कपाळ गुळगुळीतच होतं. "माई, कंटक खोटा नसतो. काम पक्कं झालं होतं. तुमच्या घरात कोणीतरी बसून उसवतंय."

"कोण?"

"नाव मी कशाला घेऊ? ज्याच्या मनात शंका आहे त्याला ठाऊक आहे."

काकूंनी आपला मिटलेला चेहरा सरांकडे वळवला. रफूवालीला नेमक्या तिच्याच शब्दांत सांगितल्यावर ते तिला पटणार नाही तर काय! एकदाच विणलेलं टिकत नसेल, तर दोष विणणाऱ्याचा नव्हे, कोणीतरी धागा ओढत असणार.

घरी आल्यावर उलटतपासणी झाली.

"तुम्ही त्यांना नमस्कार केला होता ना?"

"केला होता."

"मनापासून?"

सरांना खोटं बोलणं जमत नसे. वर्गातही जमलं नव्हतं. "कमरेपासून केला होता," ते म्हणाले.

"थट्टा करताय? माझे डोळे जातायत आणि तुम्ही थट्टा करताय?"

दुसऱ्या दिवशी सरांनी 'विसाव्या'त साष्टांग नमस्कार घातला. फरशीला कपाळ टेकलं तेव्हा आसनातला तो नाद त्यांना अगदी जवळून ऐकू आला. ओळखीचा वाटला, पण कुठे ऐकलाय ते आठवेना.

कंटक पुन्हा लागला, डोळे पुन्हा उघडले, पण काकूंच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. पापणी जराशी जड वाटली की धावल्याच. निर्विकारजींनीही 'वाढीव कंटक' काढला. सुरुवातीला महिन्याने, मग पंधरवड्याने. आणि होता होता असं झालं की टोचणं वाढलं आणि उघडणं कमी झालं. आधी पुरता दिवस दिसायचं, मग सकाळचं तेवढं, मग चिरीतून.

काकू सरांच्या हातचं पाणी प्यायलाही कचरू लागल्या. मग एका दुपारी, भिंतीला हात लावत लावत त्या त्यांच्या खुर्चीजवळ आल्या.

"अहो, रागावू नका. तुम्ही थोडे दिवस ताईंकडे राहायला जाता का?"

ताई म्हणजे सरांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची.

"मी गेलो तर तुझं कोण बघणार? गॅस कोण पेटवेल?"

"शेजारच्या येतील." काकूंनी खुर्चीचा हात धरला. "मला तुमचा राग नाही हो. तुम्ही मुद्दाम करत नाही, ते मला कळतं. पण तुम्ही घरात असलात की ते उसवतं. मी तरी काय करू?"

सरांनी चार सदरे पिशवीत भरले. विरल्या कॉलरचा सदरा काकूंनी केव्हाच रफू करून दिला होता. तो कुठला हे त्यांना आता ओळखता येईना.

*

निर्विकारजींच्या शास्त्रात उसवणाऱ्यांनाही सोय होती. दालनाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून एक लांब बाक टाकलेला होता. ज्यांच्या घरचा गुण उतरला, त्या घरातल्या संशयिताने आठवड्यातून एकदा तिथे बसून मन धुवायचं. मौन सक्तीचं होतं. पण एका बाकावर चार माणसं बसली की मौन फार वेळ तग धरत नाही.

सरांच्या उजव्या हाताला एक बसचालक होता.

"तुमचं काय मास्तर?" त्याने भिंतीकडेच बघत पुटपुटून विचारलं.

"बायकोच्या पापण्या. तुमचं?"

"बायकोचा जबडा. झोपेत दात खायची, वाटायचं घरात गिरणी चाललीय. सहा महिने कशी गप्प होती! आता पुन्हा दळण सुरू. मी म्हणे शंका घेतली. अहो, मी तर सहा महिने नुसता झोपलो होतो, शंका घ्यायला वेळ कुठे होता?"

त्याच्या पलीकडे एक म्हातारी होती. सुनेच्या पापण्यांसाठी ती दोषी ठरली होती. "तीन महिनेसुद्धा धड झाले नाहीत," ती डोळे पुसत म्हणाली. "मी देवभोळी बाई, बाबा. शंका कशाशी खातात ते मला ठाऊक नाही. सून आता माझ्याशी बोलत नाही."

बाकाच्या टोकाला विमा विकणारा एक तरुण खुशाल पाय हलवत बसला होता. तो स्वतःचाच संशयित होता.

"मी तर पैज लावून आलो होतो," तो म्हणाला. "मित्र म्हणाला, तुझ्या काखेचा घाम हा बाबाही थांबवू शकणार नाही. काखेत टोचून घेतलं, वर कपाळावरही घेतलं, म्हटलं फुकटात देखणा होतोय तर होऊ. श्रद्धा म्हणाल तर अजिबात नव्हती. तरी सात महिने काख कोरडी ठणठणीत! आता लागलीय परत धार."

"आणि कपाळ?" सरांनी विचारलं.

"ते कधीच गेलं. चौथ्या महिन्यात आठ्या परत."

सर भिंतीकडे बघत राहिले. तीस वर्षं पोरांच्या चुकीच्या उत्तरांतून चूक कुठे झाली ते शोधण्यात गेली होती. ते सवयीने मनात मांडणी करू लागले.

म्हातारीची सून आणि आपली बायको, दोन्ही घरं वेगळी, दोघींच्या श्रद्धेत उणं काढायला जागा नाही, तरी दोघी तीन महिन्यांत रित्या. हा पोरगा पैजेसाठी आलेला, श्रद्धेच्या नावाने शंख, तरी सात महिने. बरं, माणसामाणसांत फरक असेल म्हणावं, तर या एकाच पोराची कथा काय? कपाळात श्रद्धा चार महिन्यांत संपली, आणि काखेत आणखी तीन महिने मुक्काम करून राहिली?

"पोरा," सर मोठ्यांदा म्हणाले, "श्रद्धा कपाळापेक्षा काखेत जास्त टिकते असं कधी ऐकलंयस का?"

"शूऽऽ!" सेविका ओरडली. पण बसचालकाला हसू फुटलं होतं.

श्रद्धा असेल तर ती माणसाची असेल. ही तर अवयवाची निघाली! माणूस कोण, भाव कसा, घरात संशय किती, याचा मुदतीशी काडीचा संबंध नव्हता. टोचलं कुठे यावर सगळं होतं. पापणीला तीन, कपाळाला चार, जबड्याला सहा, काखेला सात. देवाची कृपा अशी वाटली जात नाही. औषध असं वागतं.

आणि मग त्यांना इस्पितळाच्या पायऱ्या आठवल्या, आणि 'साधारण तीन महिने' हे शब्द. सर बाकावरून उठले आणि तडक इस्पितळाच्या वाटेला लागले.

*

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अगदी असंच असतं," त्या म्हणाल्या. "मज्जातंतू स्नायूला निरोप देतो, 'आवळ'. हे औषध तो निरोप अडवतं. म्हणून लगेच काही दिसत नाही, दोन-चार दिवसांनी सुरुवात होते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत नीट कळतं. पुढे तंतू आपली वाट पुन्हा जुळवून घेतो आणि निरोप चालू होतो. पापणीला तीनेक महिने, कपाळाला तीन ते चार. जबड्याचा स्नायू दांडगा, तो चार-सहा महिने शांत राहतो. घामाच्या ग्रंथी सगळ्यांत सावकाश जाग्या होतात, सहा महिने, कधी त्याहून जास्त. मात्रेप्रमाणे, माणसाप्रमाणे थोडं मागेपुढे. यात पाप-पुण्य कुठेच नाही."

"म्हणजे तो काटा..."

"सुई आहे. औषध थंड ठेवावं लागतं, म्हणजे कुठेतरी फ्रिजही असेल बघा."

सरांना तो नाद कुठे ऐकला होता ते आठवलं. स्वतःच्या स्वयंपाकघरात.

"काकूंना कितीदा टोचलं त्याने?" बाईंनी विचारलं.

"अलीकडे तर पंधरवड्याने."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आधी ते थांबवा," एवढंच म्हणाल्या.

*

पुढच्या वेळी सर बाकावर बसले नाहीत. सरळ पुढे चालत गेले. मागोमाग बसचालक, विमावाला आणि काठी टेकत म्हातारी; तिघांना सरांनी बाहेरच सगळं सांगितलं होतं. आसनासमोरच्या खुर्चीत काकूच बसल्या होत्या, डोळ्यांवर गार फडकं, मान मागे टाकलेली. शालीखालून हात पुढे येत होता.

"हे काय, बाळा?" निर्विकारजी म्हणाले. "मन धुऊन झालं?"

"झालं. आता आसन धुवायचंय."

सर वाकले. आसनाच्या मागे पांढऱ्या कापडाखालून एक वायर भिंतीकडे गेली होती. सरांनी प्लग काढला.

नाद थांबला.

 समुद्र आटला, भुंगा उडाला, एका बाईची गेलेली आई बोलता बोलता थांबली.

"अहो," काकू फडक्याखालून घाबरून म्हणाल्या, "नाद थांबला!"

"मीच थांबवला. फ्रिज आहे तो."

बसचालकाने कापड ओढलं. खाली होता ऑफिसात थंड पेयं ठेवायला असतो तसा बुटका फ्रिज. आत दुधाऐवजी इवल्या इवल्या बाटल्या, काहींवर चिठ्ठ्या, काहींवर तीही नाही. विमावाल्याने निर्विकारजींचं मनगट धरून शाल वर केली. कोरीव लाकडी काट्याच्या पोटात बारीक सुईचं प्लॅस्टिकचं इंजेक्शन बसवलेलं होतं. गुरूंनी ज्या झाडाखाली मौन पाळलं, ते झाड प्लॅस्टिकचं निघालं.

"हे असं टोचून डॉक्टरही सुरकुत्या घालवतात," सरांनी गर्दीकडे वळून सांगितलं. "फरक एवढाच की डॉक्टर सांगतात, हे औषध आहे आणि ते उतरणार आहे. यांनी उतरण्याचा दोष आपल्यावर घातला. या आजीची सून हिच्याशी बोलत नाही. माझ्या बायकोने मला घराबाहेर काढलंय. तुमच्यापैकी कोणाकोणाचं काय झालंय ते तुम्हीच आठवा. आणि ज्याचा गुण उतरला त्याने फक्त एवढंच बघावं, टोचलं कुठे होतं!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "माझं कपाळ, चार महिने." "माझंही!" "काख, साडेसहा." "जबडा, पाच." भाजीबाजारासारखा एकच गलका उडाला.

निर्विकारजी तेवढे शांत. त्यांच्या मानेवर घाम आला होता, ओठ थरथरत होते, पण कपाळावर रेघ नाही. स्वतःच्याच औषधाने त्यांना लाजायचीही सोय ठेवली नव्हती. तेवढ्यावर तिसऱ्या ओळीतल्या एक बाई गहिवरून म्हणाल्या, "बघा, एवढं झालं तरी चेहरा कसा निर्विकार!" आणि त्यांनी हात जोडले. त्यांच्यामागे आणखी दहा-बारा जणांनी जोडले. सरांनी फळ्यावर हजारदा गणितं सोडवून दाखवली होती. शेवटच्या बाकावर कोणीतरी चुकीचंच उत्तर उतरवून घेणार, हे त्यांना नवीन नव्हतं.

काकूंनी फडकं बाजूला केलं होतं. त्या तशाच डोळे मिटून बसल्या होत्या.

"अहो," त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या श्रद्धेत काही कमी नव्हतं?"

"काही कमी नव्हतं."

"आणि तुमच्या...?"

"माझी शंका पापणीपर्यंत पोचत नाही गं. तिचा हात एवढा लांब नाही."

काकूंनी चाचपडत त्यांचा हात शोधला. "मी तुम्हाला घालवलं," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या घरातून घालवलं." आणि त्या गर्दीत, घट्ट मिटलेल्या पापण्यांतून त्यांना रडू येत राहिलं.

*

सर घरी परतले. पोलीस निर्विकारजींना आणि फ्रिजला घेऊन गेले. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी मध्ये चांगले काही महिने जाऊ दिले, मग नीट मोजून खरं औषध दिलं. काकू दवाखान्यात जाताना नवी साडी नेसल्या होत्या. आठवडा गेला, दोन गेले. रोज सकाळी सर चहा गाळत आणि मागून आवाज येण्याची वाट बघत. आवाज यायचा, पण तो भिंतीला हात घासत येणाऱ्या पावलांचा.

मग बाईंनी कपाळाच्या एकाच बाजूला थोडं टोचून पाहिलं. काही दिवसांनी म्हणाल्या, "काकू, भुवया वर करा." औषध लागलं असतं तर एक भुवई खाली राहिली असती. दोन्ही सारख्या वर गेल्या.

"असं फार क्वचित होतं," बाई सावकाश सांगू लागल्या. "पण पुन्हा पुन्हा, कमी अंतराने आणि कसलंही औषध टोचत राहिलं, तर शरीर त्याला ओळखायला शिकतं. आल्या आल्या मारून टाकतं. काकूंच्या शरीराने ते शिकून घेतलंय. एक शस्त्रक्रिया असते, थोडा स्नायू काढतात. करून बघू. किती उपयोग होईल त्याचं वचन मी देणार नाही."

काकूंनी बाईंच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"पहिल्यांदा आले होते, तेव्हाच तुमच्याकडून घेतलं असतं तर?"

बाई सरांकडे बघू लागल्या. सरांनी मान खाली घातली. काकूंना यातलं काही दिसत नव्हतं, म्हणून बाईंना बोलावंच लागलं. "बहुतेकांना वर्षानुवर्षं चालतं. दर तीन महिन्यांनी यावं लागलं असतं, एवढंच."

"दर तीन महिन्यांनी," काकू म्हणाल्या. "एवढंच."

शस्त्रक्रिया झाली. पूर्वी अंधार होता तिथे आता एक बारीकशी फट आहे. तिच्यातून काकूंना दार कुठे आहे ते कळतं, माणूस आला ते कळतं. कोण आला ते कळत नाही. दुकानातली खिडकीजवळची खुर्ची मालकाने बरेच दिवस रिकामी ठेवली होती. आता तिथे इस्त्रीचे कपडे रचून ठेवतात.

परवा एक जोडपं पत्ता विचारत दारात आलं. निर्विकारजी सुटून दुसऱ्या गावी बसतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. बायकोची मान एका बाजूला ओढली जात होती, ती हाताने सरळ धरून उभी होती. सर काही बोलणार, तोच काकूंनी त्यांना थांबवलं.

"मान आहे का? दुखते फार?"

"हो काकू. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन घ्या. पण म्हणे तीन-चार महिन्यांनी परत घ्यावं लागेल, आणि परत, आणि परत. ते बाबा एकदाच करतात ना? कायमचं?"

"मलाही कायमचंच हवं होतं," काकू म्हणाल्या. "मिळालं. हे माझे डोळे आता कायमचे असेच."

 काकूंनी अंदाजाने हात पुढे केला, त्या मुलीचा दंड सापडला, तो धरून त्या म्हणाल्या, "डॉक्टरांकडे जा, बाळ. ते जेवढे महिने देतील तेवढे घे. त्यात बघायचं ते बघून घे, करायचं ते करून घे. आणि उतरलं की घरात कोणाकडे संशयाने बघू नकोस. औषध होतं, संपलं. मुकाट्याने परत जाऊन पुढचं घे."